विकिपीडिया : 'भावी आमदारां'ची पाने ठेवायची की काढायची?

मोडीवाचक

निवडणूक जाहीर झाली की मराठी आणि इंग्रजी, दोन्ही विकिपीडियांवर एकाच छापाची पाने उगवतात. आज ए-बी फॉर्म हातात, उद्या पान तयार. मग कोणीतरी 'पानकाढा' साचा (पान वगळावे अशी सूचनेची पट्टी) लावतो, समर्थक धावून येतात आणि चर्चा 'भाऊंनी किती कामे केली' यावर घसरते. त्या प्रश्नाचा पान ठेवण्याशी संबंध नाही. निकष एका जागी असावेत म्हणून हा धागा.

इंग्रजी विकिपीडियावरचा राजकारण्यांसाठीचा नियम छोटा आहे. राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरचे पद भूषवलेली व्यक्ती, आणि त्या पातळीच्या कायदेमंडळाचे आजी-माजी सदस्य यांची उल्लेखनीयता, म्हणजे स्वतंत्र पान होण्याची पात्रता, गृहीत धरतात. निवडून आले पण शपथ व्हायची आहे, तेही यात येतात. म्हणजे लोकसभा, राज्यसभा, विधानसभा, विधान परिषद. त्याखालच्या पातळीवर 'वृत्तपत्रांनी भरपूर दखल घेतलेले मोठे स्थानिक नेते' चालतात. आणि शेवटी स्पष्ट लिहिले आहे की नुसते स्थानिक लोकप्रतिनिधी असणे किंवा नुसते उमेदवार असणे पुरेसे नाही. अशा व्यक्तीला सर्वसाधारण कसोटी लागते : तिच्याशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह स्रोतांनी तिच्याबद्दल सविस्तर लिहिलेले हवे.

आकडा बघा म्हणजे हा नियम का आहे ते कळेल. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेला २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते. २८८ जणांचे पान आपोआप होते. उरलेल्या ३,८४८ जणांत माजी आमदार, माजी मंत्री, नट, वकील असे काही आहेत आणि त्यांची पाने आधीपासून असतात. बाकीच्यांबद्दल लिहायला नाव, पक्ष, मते, अनामत गेली की राहिली, एवढेच असते. त्याला मतदारसंघाच्या पानावरची एक ओळ पुरते.

लोक जिथे हमखास फसतात त्या जागा :

'राज्यमंत्री दर्जा'. महामंडळाच्या अध्यक्षाला दर्जा मिळतो, मंत्रिपद मिळत नाही. माहितीचौकटीत 'राज्यमंत्री' लिहिलेले दिसले की आधी हे तपासा.

पक्षातली पदे. प्रदेश उपाध्यक्ष, सरचिटणीस, प्रवक्ता, कार्यकारिणी सदस्य ही पक्षाची अंतर्गत व्यवस्था आहे. एकेका पक्षात उपाध्यक्षच डझनाने असतात.

नातेवाईक. वडील चार वेळा आमदार होते, ही माहिती वडिलांच्या पानावर शोभते.

'निवडून येणारच आहेत'. मग निकालानंतर पान करा. दोन-तीन आठवडे थांबल्याने विश्वकोशाचे काही बिघडत नाही.

---

खुर्चीखालचा_उंदीर

विश्वकोशाचे बिघडत नाही, भाऊंचे बिघडते. गूगलवर नाव टाकल्यावर उजवीकडे चौकट यावी म्हणून तर सगळा खटाटोप.

---

तळटीप

उंदीरराव बरोबर बोलले. पण ती चौकट फक्त विकिपीडियावरून येत नाही, विकिडेटा या विकिपीडियाच्या जोडप्रकल्पातल्या माहितीसाठ्यावरूनही येते, म्हणून हल्ली लोक आधी तिकडे कलम (नोंद) उघडतात. विकिडेटाचा उंबरठा बराच खाली आहे. तिथे 'निवडणुकीतील उमेदवारी' असा स्वतंत्र गुणधर्मच आहे (पी३६०२). उमेदवाराचे कलम तिथे असले तर असू दे. फक्त 'विकिडेटावर आहे, मग इथे का नाही' हा युक्तिवाद वगळण्याच्या चर्चेत चालत नाही.

मूळ पोस्टमध्ये संदर्भ कसे तपासायचे ते राहिले आहे. खरी मेहनत तिथेच आहे. एक काल्पनिक नमुना घेऊ. महापालिकेतील माजी विरोधी पक्षनेत्या, आता विधानसभेच्या उमेदवार. पानाला नऊ संदर्भ आहेत. दिसायला भरभक्कम. आता चाळू.

पहिला त्यांच्याच संकेतस्थळाचा. बाद. दुसरा पक्षाच्या पहिल्या यादीची बातमी, यादीत त्यांचे नाव सदतिसावे. नाव आले म्हणजे दखल घेतली असे नाही. तिसरा वाढदिवसाच्या पुरवणीतला लेख, खाली शुभेच्छुकांची रांग. ती जाहिरातच. चौथा, पाचवा, सहावा तीन वेगवेगळ्या दैनिकांतले, विषय 'जनसंवाद यात्रेला उत्स्फूर्त प्रतिसाद'. त्यातले मधले एक वाक्य उचलून अवतरणचिन्हांत शोधले तर तिन्हीकडे शब्दशः तेच, अनुस्वाराच्या चुकीसकट. म्हणजे प्रसिद्धिपत्रक. तिन्ही मिळून शून्य. सातवा निवडणूक आयोगाकडचे शपथपत्र. ते प्राथमिक साधन, स्वतः भरून दिलेले. आठवी मुलाखत. प्रश्न दोन ओळींचे, उत्तरे दोन परिच्छेदांची, सगळे त्यांच्याच तोंडून. स्वतंत्र मजकूर नाही.

नववा संदर्भ चार वर्षांपूर्वीचा, शहराच्या पाणीपुरवठा कंत्राटावर. वार्ताहराचे नाव आहे, आणि सर्वसाधारण सभेत यांनी कोणती कागदपत्रे मांडली, प्रशासनाने काय उत्तर दिले यावर तीन परिच्छेद आहेत. हा खरा संदर्भ.

नवातून एक. असे निदान दोन-तीन हवेत, वेगवेगळ्या प्रकाशनांतले आणि वेगवेगळ्या काळातले. इथे निकाल 'काढा' असाही द्यायचा नाही. 'मसुद्यात हलवा आणि नवव्यासारखे अजून शोधा' असा द्यायचा.

शोधण्याची माझी पद्धत : शोधयंत्रात तारखेची मर्यादा लावायची, उमेदवारी जाहीर झाली त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. प्रचाराची सगळी धूळ एका फटक्यात खाली बसते. मग नावाची सगळी रूपे टाकून बघायची : वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, त्याशिवाय, 'राव' लावून, 'ताई-दादा' लावून, माहेरच्या आडनावाने, ऱ्हस्व-दीर्घ बदलून, आणि रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगे. मराठी दैनिके पूर्ण नाव बातमीत एकदाच देतात, पुढे नुसते 'पाटील यांनी सांगितले'. त्यामुळे पूर्ण नावाने शोधून काही मिळाले नाही म्हणजे काहीच नाही, असे समजू नका.

---

अनुक्रमणिका

तळटीप, चौथ्या-पाचव्या-सहाव्या संदर्भाला थोडी जोड देते. हे नुसते प्रसिद्धिपत्रक असेलच असे नाही, पैसे मोजून छापलेलेही असू शकते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एकमेकांशी स्पर्धा असलेल्या दैनिकांत शब्दशः तोच मजकूर बातमी म्हणून आला आणि पेड न्यूजचा विषय देशभर गाजला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. इंग्रजी विकिपीडियाच्या स्रोतांविषयीच्या पानावर भारतीय वृत्तसंस्थांसाठी वेगळा परिच्छेद आहे, तो याच कारणामुळे. मोठ्या नावाच्या दैनिकात आले म्हणजे आपोआप चालेल असे नाही, असे तिथे सांगितले आहे.

ओळखायच्या खुणा : वार्ताहराचे नाव नाही, फक्त 'प्रतिनिधी' किंवा 'वाणिज्य प्रतिनिधी'. विरोधी बाजूचे एकही वाक्य नाही. विशेषणे मथळ्यापासूनच सुरू. वेबवर असेल तर पत्त्यात किंवा मजकुराच्या डोक्यावर 'ब्रँड', 'स्पॉटलाइट', 'इम्पॅक्ट', 'पार्टनर' यांतला एखादा शब्द. तळाशी बारीक अक्षरांत 'या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही'. 'प्रतिनिधी' एवढ्यावरून मात्र बाद करू नका. जिल्हा आवृत्तीतल्या चांगल्या बातम्याही त्याच नावाने येतात.

---

सांगे_केपे

गोव्याकडून एक अडचण मांडतो. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख आणि विधानसभेच्या जागा ४०, म्हणजे आमदारामागे साडेछत्तीस हजारांच्या आसपास माणसे. मुंबईची लोकसंख्या त्याच जनगणनेत १.२४ कोटी आणि नगरसेवक २२७, म्हणजे एकामागे जवळपास पंचावन्न हजार. मुंबईचा नगरसेवक आमच्या आमदारापेक्षा जास्त लोकांचा प्रतिनिधी! तरी आमदाराला पान आपोआप आणि नगरसेवकाला परीक्षा. हे कसे?

दुसरे, इथे दैनिके भरपूर आणि मतदारसंघ छोटे. अनामत गमावणाऱ्या उमेदवारावरही चार ठिकाणी फोटोसकट लिहून येते. 'सविस्तर दखल' हा निकष गोव्यात फार सैल पडतो.

---

मोडीवाचक

@सांगे_केपे, किती लोकांचा प्रतिनिधी, हे त्या नियमात कुठेच नाही. कायदेमंडळाच्या सदस्यामागे कागद तयार होत राहतो : सभागृहाची कार्यवृत्ते, तारांकित प्रश्न, समित्यांचे अहवाल, आयोगाचे निकालपत्रक. आज बातमी सापडली नाही तरी उद्या लिहिणाऱ्याला साधने मिळतील या भरवशावर उल्लेखनीयता गृहीत धरतात. महापालिकेतही कागद असतो, पण तो बाहेर येणे आणि त्यावर कोणी लिहिणे दुर्मीळ. म्हणून तिथे मुळात दखल दाखवायला लागते. मुंबई-पुण्याच्या महापौरांना ती सहज दाखवता येते, वॉर्डाच्या नगरसेवकाला क्वचित.

'सैल पडतो' याला उपाय एकच, तळटीप यांनी सांगितलेली तारखेची मर्यादा. निवडणुकीच्या महिन्यात आलेली दखल ही त्या निवडणुकीची दखल. ती निवडणुकीच्या पानात जाते.

---

सांगे_केपे

पटले, पण अर्धेच. २०२४ चे दक्षिण गोवा घ्या. पल्लवी धेंपे या भाजपने गोव्यात लोकसभेसाठी दिलेल्या पहिल्या महिला उमेदवार. त्यांच्या शपथपत्रातल्या मालमत्तेवर देशभर बातम्या आल्या. विरियातो फर्नांडिस यांच्याकडून त्या १३,५३५ मतांनी हरल्या. आता दखल सगळी त्या दोन महिन्यांतली, पण 'पहिली महिला उमेदवार' ही नोंद कायमची. मग?

---

अनुक्रमणिका

'पहिली' हा शब्द दिसला की विचारायचे, कशातली पहिली? गोव्यातली पहिली महिला खासदार असती तर प्रश्नच नव्हता. एका पक्षाची, एका राज्यातली, एका सभागृहासाठीची पहिली उमेदवार ही त्या पक्षाच्या गोव्यातल्या इतिहासातली चांगली नोंद आहे. ती मतदारसंघाच्या पानात आणि पक्षाच्या पानात यायला हवी. स्वतंत्र पानासाठी त्यांच्या उद्योगातल्या आणि शिक्षणक्षेत्रातल्या कामावर आधीचे स्वतंत्र लेखन आहे का ते बघावे. असेल तर पान त्यावर उभे राहील आणि उमेदवारी हा त्यातला एक परिच्छेद होईल. नेहमी याच क्रमाने विचार करा : उमेदवारी खोडून टाकली तर पानात काय उरते?

या कसोटीवर उज्ज्वल निकम यांचे उदाहरण एकदम स्वच्छ आहे. २०२४ ला मुंबई उत्तर-मध्यमधून ते हरले. ती ओळ खोडली तरी विशेष सरकारी वकील म्हणून चालवलेले खटले उरतात, २०१६ ची पद्मश्री उरते. २०२५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाल्यावर दुसरा दरवाजाही उघडला, पण पानाला त्याची गरज नव्हती. मेधा पाटकर २०१४ ला ईशान्य मुंबईत हरल्या, तिथेही तेच.

---

जुनं_दप्तर

सगळ्यात मोठे उदाहरण राहिले की. बाबासाहेब १९५२ ला मुंबईत हरले आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात हरले. पानात त्या दोन निवडणुकांना किती जागा मिळते बघा. आणि १९५२ ला त्यांना हरवणारे नारायण काजरोळकर यांचे पान खासदारकीमुळे होते, बाबासाहेबांना हरवले म्हणून नव्हे.

उलट्या टोकाला बेळगाव. १९९६ च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला महाराष्ट्र एकीकरण समितीने घाऊक अर्ज भरवले होते. तेव्हा खुल्या गटाची अनामत ५०० रुपये होती. त्याच वर्षी नलगोंड्यात ४८० आणि तामिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार झाले, आणि पाठोपाठ कायदा बदलून लोकसभेची अनामत १०,००० केली (आता २५,००० आहे, विधानसभेला १०,०००). या ४५६ जणांतल्या एकाचेही उमेदवार म्हणून पान होत नाही. पण त्या निवडणुकीचे पान झालेच पाहिजे, आणि मराठीत ते इंग्रजीपेक्षा चांगले व्हायला हवे. एकेक उमेदवार उल्लेखनीय नसताना उमेदवारी उल्लेखनीय असू शकते, ती अशी.

---

मक्याच्या_शेतातून

इकडून, आयोवातून, थोडा विरोध नोंदवतो. इथे २०२० मध्ये हा नियम चांगलाच अंगाशी आला होता. सिनेटसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या थेरेसा ग्रीनफिल्ड जून महिन्यात पक्षांतर्गत निवडणूक जिंकल्या. समोर विद्यमान सिनेटर जोनी अर्न्स्ट. देशातल्या सर्वांत खर्चिक आणि चुरशीच्या लढतींपैकी एक, सिनेटचे बहुमत अशाच मोजक्या जागांवर ठरणार होते. तरी ग्रीनफिल्ड यांचे पान महिनोन्‌महिने होऊ दिले नाही. नाव टाकले की निवडणुकीच्या पानावर नेणारे पुनर्निर्देशन, मसुदा नामंजूर, पुन्हा चर्चा. मतदानाला थोडे दिवस उरले असताना पान आले. त्या हरल्या.

या काळात मतदाराला अर्न्स्ट यांचे संदर्भांनी भरलेले पान मिळत होते आणि ग्रीनफिल्ड यांचे नाव टाकले की निवडणुकीच्या पानातले एक उपशीर्षक. तुमचा नियम कागदावर तटस्थ आहे. प्रत्यक्षात तो खुर्चीवर बसलेल्याच्या बाजूने झुकतो. आणि पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्यांत बायका जास्त असतील तर त्याचा फटका कोणाला बसतो ते सांगायला नको. 'उमेदवारी खोडून काय उरते' ही कसोटी व्यावसायिक आयुष्याची दखल घेतली गेलेल्यांनाच पास करते.

---

तळटीप

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. माझ्या मते ग्रीनफिल्ड प्रकरणात चूक झाली, पण नियमाची नव्हे. तो नियम म्हणतो की उमेदवारी 'पुरेशी नाही'. चर्चेतल्या काहींनी तो 'उमेदवाराचे पान होऊच शकत नाही' असा वाचला. राष्ट्रीय वृत्तपत्रांत अनेक महिने, त्यांच्या आयुष्यावर, धोरणांवर स्वतंत्रपणे लिहिलेले लेख असतील तर सर्वसाधारण कसोटी पूर्ण होते, आणि ती पूर्ण झाल्यावर राजकारण्यांचा निकष आडवा घालता येत नाही. मराठी विकिपीडियावर हीच चूक व्हायला वेळ लागणार नाही, कारण इथे चर्चेला चार माणसे जमली तरी खूप.

झुकण्याबद्दल : यावर हातात असलेला उपाय म्हणजे निवडणुकीचे आणि मतदारसंघाचे पान नीट लिहिणे. आपल्याकडे ते नुसता तक्ता असते. प्रमुख उमेदवाराला तिथे चार-पाच वाक्ये, संदर्भासहित, द्यायला कोणताही नियम आड येत नाही. आव्हान देणाऱ्याच्या नावाचे पुनर्निर्देशन थेट त्या परिच्छेदावर करायचे. वाचकाला माहिती मिळते आणि पाच वर्षांनी राखायला अनाथ पान उरत नाही.

---

मक्याच्या_शेतातून

चार-पाच वाक्ये विरुद्ध आख्खे पान. बरोबरी नाही झाली ही. पण तक्त्यापेक्षा बरे, हे मान्य.

---

खुर्चीखालचा_उंदीर

मते भरपूर पडली तर? तीस-चाळीस हजार मते घेणारा अपक्ष उल्लेखनीय नाही म्हणता?

---

मोडीवाचक

नाही म्हणतो. सातारा, लोकसभा २०२४. शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. एका अपक्षाला मिळालेले चिन्ह नुसती तुतारी, जिला लोक पिपाणी म्हणत होते. त्या अपक्षाला ३७,०६२ मते आणि उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी विजयी. रायगडला २०१४ मध्ये अनंत गीते २,११० मतांनी जिंकले आणि सुनील तटकरे यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मते पडली. दोन्ही घटनांवर भरपूर लिहिले गेले. ते लिखाण चिन्हाच्या आणि नावाच्या घोळावर आहे, त्या अपक्षांच्या आयुष्यावर त्यात चार ओळीही मिळणार नाहीत. मतांच्या आकड्याला किंवा टक्केवारीला निकष केले की असे अडकायला होते.

जाता जाता, नामसाधर्म्याच्या उमेदवारांमुळे चुकीच्या दुव्यांचा त्रास फार होतो. निकालाच्या तक्त्यात नाव दिसले की लोक कंसांचा दुवा लावून मोकळे होतात आणि अपक्षाचा दुवा मंत्र्याच्या पानावर जातो. तक्त्यात फक्त पान असलेल्या व्यक्तीलाच दुवा द्या आणि द्यायच्या आधी पक्ष ताडून बघा.

---

अनुक्रमणिका

मतांचा फरक फार कमी असणे हाही तसाच सापळा. मुंबई उत्तर-पश्चिम २०२४ : रवींद्र वायकर ४,५२,६४४, अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८. मतमोजणीवरून वाद झाला, उच्च न्यायालयात याचिका झाली. हे सगळे एका घटनेभोवतीचे आहे, म्हणून मतदारसंघाच्या पानात त्याला दोन भरगच्च परिच्छेद मिळायला हवेत.

त्याच दिवसावरून मतमोजणीच्या दिवसाचा नियम सांगून ठेवते. सकाळी अकराच्या कलावर 'खासदार' लिहू नका. वाहिन्या 'विजयी' म्हणतात ते त्यांचे अनुमान असते. निर्वाचन अधिकारी निकाल घोषित करून नमुना २२ मधले प्रमाणपत्र देतो, तो क्षण धरायचा. तोवर पानांना तात्पुरते संरक्षण लावायला प्रचालकांना (विकिपीडियाचे व्यवस्थापन बघणाऱ्या सदस्यांना) आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पहिल्या फेरीपासून संपादने सुरू होतात आणि दर तासाला उलटवत बसावे लागते. मतांचे अंतिम आकडे नमुना २० वरून घ्या. त्यात टपाली मते धरलेली असतात आणि मतदान केंद्रनिहाय तक्ताही असतो.

---

जुनं_दप्तर

शपथपत्राचा वापर कसा करू नये यावरही कोणीतरी लिहा. बहुतेक पानांचा अर्धा मजकूर तिथूनच उचललेला असतो.

---

तळटीप

नमुना २६ मधल्या शपथपत्रात घरचा पत्ता, फोन, ईमेल, जोडीदाराचे आणि अवलंबितांचे उत्पन्न, दागिने, कर्ज, प्रलंबित खटले असे सगळे असते. सार्वजनिक आहे म्हणून विश्वकोशात घालायचे असे नाही. पत्ता-फोन कधीच नाही. वय असते, जन्मतारीख नसते. त्यामुळे 'शपथपत्रावरून' काढलेले जन्मवर्ष एका वर्षाने चुकू शकते.

खटल्यांबाबत फार जपायचे. शपथपत्रात कलमांची यादी बघून 'त्यांच्यावर सात गुन्हे आहेत' असे वाक्य टाकणे जिवंत व्यक्तींच्या चरित्रविषयक धोरणात बसत नाही. त्यातले चार जमावबंदी मोडून आंदोलन केल्याचे असू शकतात. स्वतंत्र स्रोताने त्या खटल्यावर लिहिले असेल तर आणि तेवढेच घ्यायचे.

पान हवे म्हणणाऱ्यांना हे आधी सांगत जा. पान झाले की ते उमेदवाराचे राहत नाही. आज कौतुकाने भरलेले पान उद्या कोणीही संदर्भासहित वाढवेल, त्यात पराभव येईल, पक्षांतर येईल, खटला येईल. मग तेच समर्थक 'पान काढा' म्हणून येतात. फारशी प्रसिद्धी नसलेल्या व्यक्तीने स्वतःच पान काढायची विनंती केली तर चर्चेत तिचा विचार होतो, पण तशी हमी कोणी देऊ शकत नाही.

आणि पैशाचे. पैसे घेऊन पान लिहिणाऱ्याने मालक आणि ग्राहक कोण ते उघड करणे विकिमीडियाच्या वापरअटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे दुसरी बाजूही आहे. निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनेत समाजमाध्यमांचे पाच प्रकार सांगितले, त्यात पहिलाच 'सहयोगी प्रकल्प', उदाहरण म्हणून विकिपीडिया. त्याच सूचनेत समाजमाध्यमांवरच्या प्रचाराचा, मजकूर तयार करून घेण्याचाही खर्च निवडणूक खर्चात दाखवायला सांगितले आहे. मोठ्या राज्यांत विधानसभेची मर्यादा ४० लाख, गोव्यासारख्या लहान राज्यांत २८ लाख. त्यामुळे 'एजन्सीकडून पान करून घेतले' असे चर्चापानावर सहज लिहिणाऱ्याला आपण काय कबूल करतोय ते कळत नसते.

---

सांगे_केपे

वाचनखूण साठवली. मराठी विकिपीडियावर प्रत्यक्ष पायऱ्या कोणत्या? साचा लावला की काम झाले का?

---

मोडीवाचक

नाही. आधी बघा की पान आत्ताच्या आत्ता घालवण्याइतके वाईट आहे का. पूर्ण पान जाहिरात असेल, कुठूनतरी नक्कल केली असेल किंवा आधी चर्चेने काढलेले तसेच परत टाकले असेल तर थेट वगळण्याचा साचा. जिवंत व्यक्तीचे आणि एकही संदर्भ नसलेले पान असेल तर इंग्रजीत सात दिवसांची मुदत देतात, आपणही निदान तेवढी द्यावी.

या दोन्हीत बसत नसेल तर आधी पान स्वच्छ करा. 'मा. श्री.', 'साहेब', 'कार्यसम्राट', 'युवकांचे आशास्थान' काढा. 'प्रभागाचा कायापालट केला' हे वाक्य संदर्भ नसेल तर काढा, असेल तर 'नगरसेवक असताना अमुक रस्त्याचे काम मंजूर झाले' एवढे ठेवा. सोळा ओळींचे पान बहुधा तीन ओळींवर येते. त्या तीन ओळी मतदारसंघाच्या पानात मावत असतील तर तिथे हलवा आणि मूळ शीर्षकाचे पुनर्निर्देशन करा. इतिहास शाबूत राहतो. माणूस पुढे निवडून आला तर जुनी आवृत्ती परत आणून वाढवता येते. वगळण्यापेक्षा भांडणही कमी होते.

वाद राहिलाच तर चर्चापानावर संदर्भ एकेक करून लिहा, वर नऊ संदर्भांचे केले तसे. 'उल्लेखनीय नाही' एवढेच लिहू नका. सात दिवस ठेवा, चावडीवर (मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर) सूचना द्या, पान तयार करणाऱ्याच्या सदस्य चर्चापानावर सभ्य भाषेत कळवा. कालच उघडलेल्या पाच खात्यांनी 'ठेवा' लिहिले तर ती मते मोजायची नसतात. चर्चा बंद करणारा युक्तिवाद तोलतो.

फोटो विसरू नका. फ्लेक्सवरचा स्टुडिओत काढलेला फोटो 'स्वतःचे काम' म्हणून कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यावर) चढवलेला असतो. प्रताधिकार छायाचित्रकाराचा. त्याची लेखी परवानगी नसेल तर तिकडे वगळायला नामांकित करा.

---

अनुक्रमणिका

ई-पेपरच्या दुव्यांचे सांगायचे राहिले. बऱ्याच ई-पेपरचे पान काही महिन्यांनी मिळत नाही. चांगला संदर्भ सापडला की लगेच वेब-संग्रहात साठवा आणि दैनिक, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, मथळा असे सगळे लिहा. दुवा मेला तरी ग्रंथालयात जाऊन बघता येईल.

---

जुनं_दप्तर

शेवटी माझे तुणतुणे. भावी आमदारांवर एवढी शक्ती घालवता, माजी आमदारांची पाने कुठे आहेत? १९५२ ला मराठवाड्यातले आमदार हैदराबादच्या विधानसभेत होते, विदर्भातले मध्य प्रदेशच्या, बाकीचे मुंबई राज्याच्या. १९६३ ला गोवा, दमण आणि दीवच्या पहिल्या विधानसभेत ३० निवडून आलेले सदस्य होते. निकष यांना पहिल्याच ओळीत पास करतो. आयोगाचे सांख्यिकी अहवाल १९५१-५२ पासून उपलब्ध आहेत. मतदारसंघ, पक्ष, मते सगळे त्यात आहे. मात्र नावे रोमन लिपीत आणि भयंकर स्पेलिंगमध्ये असतात, म्हणून देवनागरी नाव तेव्हाच्या मराठी वर्तमानपत्रावरून किंवा विधिमंडळाच्या प्रकाशनावरून पक्के करूनच शीर्षक द्या. अंदाजाने दिलेले शीर्षक पुढे सगळीकडे पसरते.

---

खुर्चीखालचा_उंदीर

एक शंका. विधान परिषदेवर अविरोध निवडून आले, मतदानच झाले नाही. मग ते 'निवडून आलेले' धरायचे का? समर्थक अर्ज भरल्याच्या दिवशीच 'आमदार' लिहितात.

---

मोडीवाचक

धरायचे. मतदान झाले नाही म्हणून सदस्यत्व कमी होत नाही. पण अर्ज भरल्याच्या दिवशी नाही आणि छाननीच्या दिवशीही नाही. माघारीची मुदत संपून निर्वाचन अधिकाऱ्याने घोषणा केली की मग.